उसने गडी

आमच्या कॉलेजात फुटबॉलवाल्यांना कुणी हिंग लावून विचारत नसे. क्रिकेटवाल्यांकडे पांढऱ्या पाटलोणी होत्या, टेनिसवाल्यांकडे जाळी होती आणि ती राखायला एक शिपाईही होता. आमच्याकडे एक चेंडू होता. त्याचं ब्लॅडर दर पंधरवड्याला सायकलवाल्याकडे जोडायला न्यावं लागे आणि ते काम बहुधा माझ्याच गळ्यात पडे. बूट अख्ख्या टीममध्ये तिघांना. बाकीचे आम्ही घोट्याला पट्टी गुंडाळून अनवाणी खेळत असू, आणि त्याचा आम्हांला कधी कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटायला दुसरी कारणं पुष्कळ होती.

त्यातलं सगळ्यांत मोठं कारण लोणावळ्याला राहत होतं. घाटात अजून कोळशाची इंजिनं धापा टाकत चढायची तेव्हाची ही गोष्ट. लोणावळ्याच्या इंजिनशेडमधल्या माणसांची एक टीम होती. फिटर, फायरमन, कोळसेवाले, असे सगळे अंगमेहनतीचे गडी. पाऊस उघडला की दरवर्षी आम्ही त्यांच्याशी मॅच खेळायला जायचो आणि दरवर्षी सडकून मार खाऊन परत यायचो. तरी का जायचो, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. आमच्याशी खेळायला तयार असलेले दुसरे कुणी नव्हते हे एक, आणि पुण्यातल्या पुण्यात हरण्यापेक्षा लांब जाऊन हरलेलं बरं, हे दुसरं.

त्या रेल्वेवाल्यांचा एक रिवाज होता. मध्यंतराला पाहुणी टीम फारच मागे पडलेली असली, तर ते आपले दोन चांगले गडी पाहुण्यांना द्यायचे आणि पाहुण्यांचे दोन कच्चे गडी आपल्याकडे घ्यायचे. खेळाला रंगत यावी, एवढाच हेतू. आदल्या वर्षी आम्ही ते दोन गडी मुकाट घेतले. तरीही नऊ गोल खाल्ले. आमच्या नावावर जो एक गोल लागला, तोही त्या उसन्या गड्याने केलेला. ही बातमी आमच्या आधी पुण्याला पोचली. मग वर्षभर कॉलेजात कुणाकडे पेन्सिल मागायची सोय राहिली नाही. समोरचा म्हणायचा, "पेन्सिल कशाला, दोन गडीच ने की."

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी आमच्या कॅप्टनला बोलावून घेतलं. या खेपेला उसने गडी घेतलेत, किंवा नऊच्या वर गोल खाल्लेत, तर फुटबॉल बंद, मैदान क्रिकेटला. आमच्या तोंडी हिशोबावर त्यांचा भरवसा नव्हता, कारण आदल्या वर्षी आम्ही नवाचे सहा करून सांगितले होते. म्हणून आमच्याबरोबर गणिताच्या प्रोफेसरांनी जायचं ठरलं. त्यांनी गोल मोजायचे आणि कोण कुणाकडून खेळतंय त्यावर नजर ठेवायची.

कॅप्टनचं ते शेवटचं वर्ष. टीम त्यानेच उभी केली होती. होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून फिरून, आळशांना उठवून, भित्र्यांना दटावून त्याने अकरा जण जमवले होते. मी तळेगावच्या एका शाळामास्तराचा मुलगा, उंच आणि लुकडा. मला तो म्हणाला, "तुला काही येत नाही, पण तू दिसतोस मोठा. सेंटर हाफ हो." दुसरं त्याचं रत्न म्हणजे आमचा गोलकीपर. हा बेडशाच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. वर्गात तो शुद्ध बोलायचा प्रयत्न करी आणि आमच्यात आला की गावचं बोले. हात असे की चेंडू एकदा पोटाशी आला की भाताचा भारा कवळावा तसा तो कवळून धरायचा. कॅप्टन आणि हा गोलकीपर, यांतला एक जरी नसता तर मी लायब्ररीत बसून चार पुस्तकं जास्त वाचली असती.

कॅप्टनला मी गाडीत विचारलं, "तुझं तर हे शेवटचं वर्ष. बंद पडलं तर पडलं. तू कशाला झुरतोस?"

तो खिडकीबाहेर बघत होता. कामशेतच्या पुढे भात निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या आणि आंबेमोहोराचा वास डब्यात भरला होता. मग म्हणाला, "मी गेल्यावर बंद पडलं तर पडू दे. माझ्या हातून नको." आमचे प्रोफेसर समोरच्या बाकावर छत्री गुडघ्यांत धरून बसले होते. त्यांनी ऐकलं असावं, पण चेहऱ्यावरची माशी हलली नाही. फुटबॉल म्हणजे बावीस जणांनी एका चामड्याच्या मागे धावणं, आणि तेही प्रत्येकाला एकेक चामडं घेऊन देता येत असताना, असं त्यांचं मत असल्याचं आम्ही ऐकून होतो.

मैदान इंजिनशेडच्या मागच्या बाजूला होतं. एका अंगाला उतार, त्याच्याखाली नाला. पाऊस थांबून चार दिवस झाले होते, पण गवताखाली अजून पाणी होतं आणि पाय टेकवला की पचकन आवाज यायचा. धुकं खाली येऊन गोलच्या खांबांना टेकलं होतं. बघायला शेडमधली सुटी झालेली माणसं, त्यांच्या बायका, आणि बंगल्यांतून हवा खायला आलेली दोनचार मंडळी. प्रोफेसर छत्री उघडून मधल्या रेषेपाशी उभे राहिले.

पहिल्या अर्ध्या खेळाबद्दल काय सांगू? आम्ही जीव तोडून पळत होतो आणि ते चालत होते. त्यांचा सेंटर फॉरवर्ड आणि कॅप्टन एकच, इंजिनवरचा एक फायरमन. मूळ कार्ल्याचा. चाळिशीचा, पोट सुटलेला, हाताच्या रेषांत कोळसा मुरलेला. त्याला अडवणं माझ्या वाट्याला आलं होतं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो की तो एक पाऊल बाजूला व्हायचा, आणि मी तसाच पुढे जाऊन नाल्याकडे निघायचो. माझी समजूत ही की आज माझा पाय घसरतोय. त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून विडी ओढत होता आणि बघणाऱ्यांपैकी कुणाशी तरी घरच्या गोष्टी करत होता. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आमच्यावर पाच गोल चढले होते. प्रोफेसरांच्या डाव्या हाताची पाचही बोटं मिटलेली होती. मी मुद्दाम बघितली.

आम्ही गवतावर आडवे झालो. कॅप्टनच्या उजव्या घोट्याला कुणाचा तरी बूट लागून तो टम्म सुजला होता. एवढ्यात तो फायरमन दोन गड्यांना घेऊन आमच्याकडे आला.

"कॅप्टनसायब," तो अदबीने म्हणाला, "ह्ये दोघं तुमी घ्या. तुमचं दोन आमाला द्या. समद्याच कालेजांना देतो आमी."

हिशोब सोपा होता आणि वाईट होता. गडी घेतले तर नियम मोडला. न घेतले तर दुसऱ्या अर्ध्यात निदान पाच गोल आणखी, म्हणजे नवाच्या वर, म्हणजे पुन्हा नियम मोडला. इकडे आड, तिकडे विहीर. मला तर वाटत होतं की घ्यावेत. कच्च्या दोघांत माझा नंबर नक्की लागेल, आणि मग निदान तो फायरमन माझ्या बाजूला येईल.

आमचा गोलकीपर उठून बसला. कॅप्टनला म्हणाला, "घे की. त्यात कमीपना कसला? आमच्यात लावनीला गडी कमी पडलं तर शेजारच्या घरचं येत्यात. सावड म्हन अन् घे."

"सावड फेडावी लागते ना?" कॅप्टन म्हणाला.

"व्हय तर. त्येंच्या लावनीला आपुन जायाचं. न्हाई गेलं तर फुडल्या साली कोन येतंय?"

"मग सांग, यांचं आपण काय फेडणार? यांना कधी गडी कमी पडणार आहेत?"

"त्ये बी खरं," गोलकीपर म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. कॅप्टनने फायरमनकडे वळून सांगितलं, "भाऊ, तुमचे उपकार आहेत. पण नको. आम्ही आहोत तेवढेच खेळू."

फायरमन जागचा हलला नाही. तोही मावळातला, सावड त्याला काय कुणी शिकवायची? त्याने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाला, "फेडायचंच म्हनता, तर आमाला पळवा."

"म्हणजे?"

"हितं लय टीम येत्यात. आमी निम्म्या पायानं खेळतो. चार गोल झालं की गडी देतो, मंग आनखी हळू खेळतो. आमाला पळवलं न्हाई कुनी कितीक साल. तुमी फुडं या, आंगावर या, भिऊ नका. मंग आमी बी राखून खेळनार न्हाई. चाललं?"

आता या माणसाला 'नाही' म्हणायला किती सोपं होतं. पाच गोल त्यांनी निम्म्या पायाने केले होते. कॅप्टन एका पायावर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "चाललं."

फायरमनने मागे वळून आपल्या माणसांना नुसती मान हलवून खूण केली. त्यांच्या गोलकीपरने विडी विझवून कानामागे ठेवली. एकाने बसून बुटाच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा घट्ट बांधल्या. काहीजण सदरे काढून उघडे झाले. ते सगळं निमूटपणे चाललं होतं, आणि आमच्यातले दोघेतिघे ते पाहून पाणी प्यायला गेले ते लवकर परत येईनात.

पुढे जे झालं ते मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलं नाही. नंतर मोठमोठ्या टीमांच्या मॅचेस पाहिल्या, मुंबईला पलटणींचे सामने पाहिले, तिकिटं काढून पाहिले. तसं काही दिसलं नाही. चेंडू त्यांच्यातल्या कुणाच्याही पायाशी थांबत नव्हता. एकाने टेकवला की तो मोकळ्या जागेत जायचा, आणि तो तिथे पोचेपर्यंत त्या जागी कुणीतरी आलेलं असायचं. तोंडाने कुणी हाक मारत नव्हतं. शेडमध्ये वाफेच्या आणि हातोड्यांच्या गदारोळात ओरडून काही उपयोग नसतो, त्यामुळे नजरेवर काम करायची त्यांना सवय. तीच इथे चालली होती. आम्ही ओरडत होतो, "इकडे, तिकडे, अरे माझ्याकडे!" आणि मैदानावरच्या दुसऱ्या निम्म्या माणसांच्या फक्त पायांचा आवाज.

आणि तो फायरमन! पोट होतं तिथेच होतं, पण माणूस दुसराच झाला होता. चेंडू त्याच्याकडे आला, मी झेपावलो, तर त्याने तो घेतलाच नाही. दोन पायांमधून जाऊ दिला. मागून येणाऱ्याने तो मारला आणि मी रिकाम्या हवेला मिठी मारून चिखलात पडलो. पडल्यापडल्या मी काय केलं असेल? मी "वा" म्हणालो. मोठ्याने म्हणालो. कॅप्टनने ऐकलं आणि मला शिवी दिली, पण त्याच्याही तोंडावर हसू होतं हे मी पाहिलं.

आमची पळता भुई थोडी झाली. पण आम्ही पळत होतो, आणि ठरल्याप्रमाणे अंगावर जात होतो. भीती कुठे गेली कोण जाणे. आमचा गोलकीपर तर त्या दिवशी एकटा दहा जणांचं काम करत होता. डावीकडचा चेंडू त्याने उजवीकडून येऊन धरला. एक छातीवर घेतला, त्याचा आवाज मधल्या रेषेपर्यंत आला. एकदा तो पडला असताना दुसऱ्यांदा मारलेला चेंडू त्याने पडल्यापडल्या पायाने बाहेर घालवला, तेव्हा फायरमन मारायचा थांबून त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कुठलं रं गाव?" त्याने "बेडसं" म्हणून सांगितलं. "तरीच," फायरमन म्हणाला, आणि पुढच्याच मिनिटाला त्याच्यावर गोल केला. गोल होतच होते. ते होणारच होते.

मला एकदा चेंडू मिळाला. फायरमन बाजूला होणार हे मला कसं कळलं ते मला अजून माहीत नाही, पण त्या वेळी मीही बाजूला झालो, आणि चेंडू माझ्या पायाशी. "ह्ये बरं केलंस," तो मला म्हणाला. मला कॉलेजात तोवर मिळालेल्या कुठल्याही मार्कापेक्षा ते जास्त वाटलं, आणि आजही वाटतं. मी तो चेंडू कॅप्टनकडे दिला. कॅप्टन लंगडत लंगडत दोघांना चुकवून पुढे गेला आणि सुजलेल्याच पायाने त्याने असा काही मारला की तो खांबाच्या आतून जातोयसं वाटलं. त्यांच्या गोलकीपरने आडवं अंग टाकलं, आणि बोटांच्या टोकांनी तो बाहेर काढला. उठला तेव्हा कपाळापासून गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. कानामागची विडी कुठे तरी पडली होती. ती शोधायच्या आधी तो कॅप्टनकडे बघून हात जोडून हसला.

गोल झाला नाही. आम्ही एकही गोल केला नाही हे मला नक्की आठवतं. त्यांनी किती केले, यावर आमच्या टीममध्ये कधी एकमत झालं नाही. कुणी अकरा म्हणतो, कुणी तेरा.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी पाहिलं की इंजिनशेडची ती सगळी टीम गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. त्यांच्या पाठीवरून वाफा निघत होत्या. काळवंडलेल्या, थोराड, रोज टनावारी कोळसा उपसणाऱ्या त्या माणसांना दम लागला होता. फायरमन आमच्या कॅप्टनपाशी आला, बोलायला श्वास पुरेना म्हणून जरा थांबला, आणि म्हणाला, "फिटलं, सायब."

मैदानाच्या मधोमध, खेळायच्या रेषेच्या चांगलं आत, प्रोफेसर उभे होते. ते कधी आत आले ते त्यांनाही माहीत नसावं. छत्री मिटलेली होती, धोतराचा सोगा चिखलात होता, आणि दोन्ही हातांची बोटं सताड उघडी होती.

परतीच्या गाडीत त्यांनी गोलांचा विषय काढला नाही. कॅप्टनने पाय समोरच्या बाकावर ठेवला होता आणि डोळे मिटून घेतले होते. जे पाहिलं त्याच्या आनंदात मला वडगाव येईपर्यंत आठवलंच नाही की आता आपली टीम बंद होणार.

सोमवारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावलं. कॅप्टनला चालता येत नव्हतं म्हणून त्याला धरून नेण्यासाठी मीही आत गेलो. प्रोफेसर आधीच येऊन खिडकीपाशी उभे होते.

"उसने गडी घेतले?" साहेबांनी विचारलं.

"नाही," प्रोफेसर म्हणाले. "त्यांनी देऊ केले होते. यांनी नाकारले."

"आणि गोल किती झाले?"

प्रोफेसरांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला. कॅप्टनचा हात माझ्या दंडात रुतला होता.

"मध्यंतरापर्यंत पाच," ते म्हणाले. "नंतरचे मोजायचे राहिले."

"राहिले म्हणजे? तुम्हांला पाठवलं होतं कशाला?"

"मोजायलाच. पण समोर जे चाललं होतं ते बघताना मोजायचं भान राहिलं नाही. ते कुणालाच राहिलं नसतं."

"अहो, पण अंदाजे? दहा? बारा?"

"मी गणित शिकवतो, साहेब. अंदाजे मला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागेल."

साहेबांनी कॅप्टनच्या पायाकडे बघितलं. तो एका पायावर उभा होता आणि दुसरा चपलेत मावत नव्हता. टेबलावरचे कागद त्यांनी उगीच नीट केले. "जा," ते म्हणाले, "आणि त्या पायाला हळद लावा."

बाहेर जिन्यापर्यंत कॅप्टन नीट आला. अर्धा जिना उतरला आणि मटकन खाली बसला. लोणावळ्याला एवढे गोल अंगावर घेऊन ज्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, तो तिथे गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडला. येणारीजाणारी मुलं थांबून बघायला लागली. मी त्याच्या शेजारी बसलो, दुसरं काय करणार?

थोड्या वेळाने त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. म्हणाला, "पुढच्या वर्षी मी नसेन. सेंटर हाफला तुझ्या जागी कुणीतरी पळणारा बघा."